देवकण आणि आप्तवाक्य

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉनशी जुळणारा एक नवा कण सापडल्याचे जाहीर केले आणि मराठीत एक नवा समास फिरू लागला : देवकण. कोणी ‘दैवी कण’ लिहिले, कोणी ‘ईश्वरी कण’. समास दिसायला सोपा, पण सोडवायला बसावे तर विग्रह ठरत नाही. देवाचा कण, देव हाच कण, की देवाने धाडलेला कण? या एका शब्दाभोवती तेव्हापासून जो वाद चालत आला आहे त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. कण खरोखर आहे का? देव आहे का? आणि या दोन्ही गोष्टी आपण ज्यांच्या शब्दावर मानतो, त्या जाणत्यांवर विसंबावे का? तिन्ही प्रश्नांतल्या शब्दांना लांबलचक पूर्वायुष्य आहे, आणि ते पाहिल्यावर वादाची गाठ थोडी सैल होते असा माझा अनुभव आहे.

आधी या समासाचा जन्म पाहू. लिऑन लेडरमन या नोबेल मानकरी भौतिकशास्त्रज्ञाच्या १९९३ मधल्या पुस्तकाचे नाव ‘द गॉड पार्टिकल’. हा कण हाती लागता लागत नाही, तेव्हा त्याला ‘गॉडडॅम पार्टिकल’ म्हणणेच रास्त, पण प्रकाशक तसे म्हणू देणार नाही, असे त्यांनी त्या पुस्तकातच लिहून ठेवले आहे. ‘गॉडडॅम’ ही वैतागाची शिवी. आपल्याकडे तिच्या जागी ‘मेला’ चपखल बसेल. ‘मेला सापडतच नाही’ हा मूळ भाव. शिवीतले ‘डॅम’ गळले, ‘गॉड’ उरला, आणि मराठीत येईतो त्याचा देव झाला. ज्यांनी १९६४ मध्ये या कणाचे भाकीत केले ते पीटर हिग्ज स्वतः निरीश्वरवादी. तरी श्रद्धावानांना लागेल असे नाव नको, म्हणून त्यांना ते आवडत नसे.

आता समासाचे उत्तरपद. संस्कृत ‘कण’ म्हणजे धान्याचा दाणा किंवा त्याचा तुकडा. मराठीने तो खळ्यावर आणि स्वयंपाकघरात जपला आहे : तांदळाची कणी, ज्वारीच्या कण्या, कणीक, कणीस (संस्कृत कणिश), आणि बहुधा कणगीही. हिऱ्याची बारीक कपची ती हिरकणी. वैशेषिक दर्शनाचा प्रवर्तक कणाद, त्याच्या नावाची फोड कण अधिक अद्, म्हणजे कण खाणारा. कणभुज्, कणभक्ष अशीही त्याची नावे आढळतात. शेतात सांडलेले दाणे वेचून राहणारा, हा परंपरेचा अर्थ. जगाचे कण कण करून पाहणारा म्हणून प्रतिपक्षाने चिकटवलेले टोपणनाव, हा दुसरा तर्क. दुसरा मला अधिक पटतो, कारण ‘कणभक्ष’ हा शब्द विरोधकांच्या तोंडी अधिक शोभतो.

‘अणु’ हा शब्द त्याहून चक्राकार वाटेने आलेला दिसतो. ऋग्वेदात ‘अण्वी’ हे ‘बारीक’ या अर्थाचे विशेषण येते. पुढे यजुर्वेदातल्या चमकात व्रीही, यव, माष, तीळ, गोधूम, मसूर अशी धान्यांची यादी आहे, आणि त्या यादीत ‘अणु’ हेही एक धान्य आहे. वरीसारखे एखादे बारीक तृणधान्य असावे. तेव्हा गुण आधी, धान्य नंतर, आणि तत्त्वज्ञानातला सूक्ष्म पदार्थ सर्वात शेवटी, असा क्रम लावता येतो. ‘परमाणु’ म्हणजे अणूपणाची परमावधी. तुकडे करत जाण्याला कुठेतरी थांबा हवा. नाहीतर मेरू पर्वताचेही अनंत तुकडे आणि मोहरीच्या दाण्याचेही अनंत तुकडे, मग दोघे एकाच मापाचे ठरतील, असा न्याय-वैशेषिकांचा युक्तिवाद. दोन परमाणूंचे एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा एक त्रसरेणू. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसतो तो हा. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वात लहान वस्तूत हिशेबाने सहा परमाणू. हा परमाणू तर्काने गाठलेला आहे. आजच्या भौतिकशास्त्रातल्या अणूशी त्याचे नाते नावापुरते आहे; ते ताणून कणादाला सर्नच्या दारात उभे करणे दोघांवरही अन्यायाचे होईल.

परिभाषेत एक अदलाबदलही झालेली आहे. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत आणि बंगालीत ॲटमला परमाणू म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणू. त्यामुळे आपला अणुबॉम्ब हिंदीत ‘परमाणु बम’ होतो, आणि हिंदी विज्ञानपुस्तक वाचणारा मराठी विद्यार्थी पहिल्या पानावर अडखळतो. मराठीने रेणू का निवडला असावा? तुकोबांच्या एका सर्वतोमुखी अभंगामुळे ‘अणुरेणु’ ही जोडी मराठी कानात आधीच बसलेली होती. परिभाषाकारांनी तीच उचलून दोघांना वेगवेगळी कामे वाटून दिली असावीत. ग्रीक ‘ॲटमॉस’चा अर्थ ‘न कापता येणारे’. त्यातला नकाराचा ‘अ’ आपल्या ‘अविभाज्य’मधल्या ‘अ’चा सख्खा भाऊ. ॲटम कधीचा फुटला, नावातला दावा मात्र तसाच राहिला.

अरबी-फारसीकडे वळले की मौज वाढते. ‘जरा’ हा आपला रोजचा शब्द अरबी ‘ज़र्रा’पासून आला, त्याचा अर्थ धुळीचा कण, बारीक मुंगी. आजच्या अरबीत ॲटमला हाच शब्द आहे. ‘जुजबी’ हा ‘जुज़्’ म्हणजे अंश या शब्दापासून, फारसीमार्गे. इस्लामी तत्त्वचर्चेत, म्हणजे ‘कलाम’मध्ये, परमाणूचे एक नाव ‘ज्याचे आणखी अंश पडत नाहीत असा जुज़्’ असे आहे. दुसरे नाव ‘जौहर फ़र्द’, म्हणजे एकटे द्रव्य. फारसी ‘गौहर’चे अरबी रूप जौहर, अर्थ रत्नही आणि मूलद्रव्यही. त्याचे अनेकवचन जवाहिर, जे मराठीत ‘जवाहीर’ म्हणून पेढीवर बसले. ‘जरा थांबा, जुजबी काम आहे’ असे सांगणारा मनुष्य बगदादच्या परमाणुवाद्यांचे दोन शब्द बोलून गेलेला असतो.

परमाणू मानणारा निरीश्वरवादीच असणार, असे आज अनेकांना वाटते. शब्दांचा इतिहास तसे सांगत नाही. रोमन कवी लुक्रेशियसने एपिक्युरसचा परमाणुवाद देवांची भीती घालवण्यासाठी वापरला, हे खरे. पण दहाव्या शतकापासून पुढे अश्अरी पंथाच्या विचारवंतांनी तोच परमाणुवाद उलट दिशेने नेला : परमाणू क्षणभरही स्वतःच्या बळावर टिकत नाहीत, ईश्वर त्यांना क्षणोक्षणी निर्माण करतो. आपल्याकडे वैशेषिक सूत्रांत ईश्वराचा स्पष्ट उल्लेख नाही. परमाणूंची पहिली हालचाल कशाने झाली? अदृष्टाने. सुई चुंबकाकडे का सरकते, ज्वाला वरच का जाते, वारा आडवा का वाहतो, यांचेही उत्तर अदृष्ट. शब्दाचा सरळ अर्थ ‘न दिसलेले’. कारण असले पाहिजे, पण ते दिसत नाही, अशी ही स्वच्छ नोंद असावी. पुढे याच शब्दात पुण्यपापाचा साठा शिरला आणि मराठीत येईतो अदृष्ट म्हणजे नशीब झाले. चुंबकाच्या सुईपासून कपाळावरच्या रेषेपर्यंतचा हा प्रवास आहे. कारणासाठी रिकामी ठेवलेली जागा भाषा फार काळ रिकामी राहू देत नाही, असे यावरून दिसते.

प्रशस्तपादाने परमाणूंच्या चलनामागे महेश्वराची इच्छा आणली, आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीच्या हेतूंची यादी दिली. तिच्यातला एक हेतू ‘आयोजन’. जड परमाणू आपण होऊन जुळणार नाहीत. त्यांना जुळवणारा कोणी चेतन हवा. आज आयोजन म्हटले की व्याख्यानमाला आठवते, पण उदयनाच्या यादीत ती विश्वातली पहिली जुळणी आहे. याच यादीत ‘प्रत्यय’ही आहे. प्रति अधिक इ, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे जाणे, तिथून खात्री, विश्वासार्हता. मराठी शाळकरी मुलाला प्रत्यय भेटतो तो व्याकरणात, मोठ्या माणसाला अनुभवात. समर्थांनी दासबोधात ज्या ‘प्रचीती’वर एवढा भर दिला ती ‘प्रतीति’चे मराठी रूप असावी, आणि प्रतीति व प्रत्यय एकाच धातूची लेकरे. कण, ईश्वर आणि विश्वासार्हता हे तीन धागे एका यादीत एकत्र गुंफणारा हा मैथिल नैयायिक आजच्या वादात सहज सामील होऊ शकला असता.

समासाचे पूर्वपद ‘देव’. दिव् म्हणजे प्रकाशणे. लॅटिन ‘देउस’, लिथुआनियन ‘दिएवास’ हे त्याचे आप्त. शेजारच्या इराणात मात्र अवेस्तेतला ‘दएव’ असुरांच्या रांगेत गेला आणि फारसीत ‘दीव’ म्हणजे राक्षस झाला. देवाला तिथे ‘यज़्दान’ हा शब्द उरला, जो अवेस्तेतल्या ‘यज़त’चा, पूजनीयाचा, वंशज. इंग्रजी ‘गॉड’ या घराण्यातला नाही. त्याच्या मुळाबद्दल दोन मते आहेत : ज्याला आहुती दिली तो, किंवा ज्याचे आवाहन केले तो. संस्कृतात बोलायचे तर हुत की हूत, एवढ्या ऱ्हस्वदीर्घाचा हा वाद. इंद्राचे ‘पुरुहूत’, म्हणजे अनेकांनी बोलावलेला, हे विशेषण लक्षात घेता मला दीर्घ ऊकाराकडे झुकावेसे वाटते. एक चकवा येथे सांगायलाच हवा. ‘देवकण’ हे नाव बाजूला सारून ‘बोसॉन’ हा शास्त्रीय शब्द घेतला, तरी देवता सुटत नाही. पॉल डिरॅकने हे नाव सत्येंद्रनाथ बोस यांच्या सन्मानार्थ दिले. बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनला पाठवलेल्या लेखातून या कणांची गणनपद्धती पुढे आली. ‘बोस’ हे बंगाली ‘बसु’चे इंग्रजी वळण, आणि बसु म्हणजे वसु. अष्टवसूंपैकी कोणा एकाचे नाव अशा रीतीने विश्वातल्या निम्म्या कणजातींना लाभले आहे.

देव शब्दाची मराठीतली सर्वात बोलकी वाट ‘देवी’ची. रोग आला तो देवी, अंगावर उठल्या त्या देवी, राहिले ते देवीचे व्रण. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली यशस्वी लस टोचली गेली, आणि पुढे या टोचण्याला मराठीने नाव दिले ‘देवी काढणे’, ‘देवी टोचणे’. रोग, त्याची अधिष्ठात्री आणि त्याचा प्रतिबंध, तिघांना एकच नाव. देवीला नैवेद्य दाखवणारे आणि मुलाचा दंड पुढे करणारे हात अनेक घरांत तेच असावेत. भाषेने त्यांना दोहोंतून एक निवडायला लावले नाही. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून गेल्याचे जाहीर केले. व्रण असलेली पिढीही आता थकली आहे, शब्द अजून आहे.

‘आहे’ आणि ‘नाही’ यांवरून पाणिनीने आस्तिक, नास्तिक हे शब्द सिद्ध केले, आणि त्यांच्याच जोडीने दैष्टिक, म्हणजे दिष्टावर, प्रारब्धावर हवाला ठेवणारा. आस्तिक कशाला ‘आहे’ म्हणतो, हे मात्र काळानुसार बदलले. टीकाकारांच्या मते तो परलोक. मनूच्या लेखी नास्तिक म्हणजे वेदनिंदक. आज आपल्या लेखी देव न मानणारा. मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, तरी आस्तिक दर्शनांत पहिल्या पंगतीला बसतात. एखाद्याला नास्तिक म्हणण्याआधी कोणत्या शतकातला, हे विचारणे त्यामुळे आवश्यक ठरते.

आता ‘श्रद्धा’. हा शब्द म्हणजे भाषाशास्त्रातले एक जुने कोडे आहे. श्रत् अधिक धा : श्रत् ठेवणे. वेदात हे दोन तुकडे इतके सुटे आहेत की मध्ये तिसरा शब्द येऊ शकतो. गृत्समदाच्या इंद्रसूक्तात तसेच होते : ज्याच्याविषयी लोक ‘तो कुठे आहे’ असे विचारतात, काही तर ‘तो नाहीच’ म्हणतात, त्या इंद्रावर श्रत् ठेवा, असे ऋषी सांगतो. म्हणजे श्रद्धेच्या अगदी जुन्या वापरातच शंकेखोराचा आवाज नोंदलेला आहे. लॅटिन ‘क्रेदो’ याचेच रूप. इंग्रजी ‘क्रीड’ आणि बँकेतले ‘क्रेडिट’ त्याच वंशातले. पण श्रत् म्हणजे काय? निघंटूने त्याला सत्याच्या नामांत बसवले. युरोपीय पंडितांनी हृदयाशी जोडले, कारण लॅटिनमध्ये हृदय ‘कोर’, ग्रीकमध्ये ‘कार्दिया’. मग संस्कृतात ‘हृद्’चा ह आणि ‘श्रत्’चा श यांचा मेळ कसा घालायचा? श हवा तिथे हृदयाला ह का आला, यावर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. एका बाजूला सत्य, दुसऱ्या बाजूला हृदय, आणि या दोहोंमध्ये लोंबकळणारा हा शब्द. श्रद्धेवरचे आपले बहुतेक वाद याच दोन व्युत्पत्तींत वाटून घेता येतील. महाराष्ट्राने त्याला ‘अंध’ हे पूर्वपद लावून एक चळवळ उभी केली. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. एका विशेषणाची किंमत माणसाच्या प्राणाइतकी असू शकते, हे त्या दिवशी मराठी भाषेला कळले.

‘विश्वास’ची जात निराळी. वि अधिक श्वस्, मोकळा श्वास घेणे. निःश्वास, उच्छ्वास, आश्वासन ही सगळी त्याची भावंडे. श्रद्धेत काहीतरी ठेवावे लागते. विश्वासात छातीवरचे दडपण उतरते. मराठीत हा शब्द १७६१ पासून एक जखमही वागवतो : विश्वास पानिपतात गेला, असे अजून म्हटले जाते. शेजारचे ‘विसंबणे’ बहुधा संस्कृत ‘विश्रंभ’पासून आलेले असावे, जुन्या मराठीत त्याचा अर्थ विसरणे, सोडून राहणे असाही होतो. ज्याच्यावर विसंबावे त्याच्याकडे काम सोपवून आपण ते विसरू शकतो, असा धागा लागतो. फारसीमार्गे आलेले शब्द अधिक सावध आहेत. खातर म्हणजे मन. ‘खातरजमा’ म्हणजे पांगलेले मन गोळा करणे. ‘इतबार’च्या अरबी मुळाचा अर्थ ओलांडणे, पलीकडे जाऊन पाहणे, विचारात घेणे, आणि मग भरवसा. ‘पुरावा’ हा ‘पुरणे’च्या घरातला दिसतो : दाव्याला पुरून उरेल तो. दरबारी व्यवहाराने विश्वासाच्या शब्दांत तपासणीची पायरी घातली, असे या रांगेकडे पाहून म्हणावेसे वाटते.

आता ज्या शब्दासाठी हा सगळा फेरफटका, तो ‘आप्त’. आज तो लग्नपत्रिकेत ‘आप्तेष्ट’ म्हणून येतो, म्हणजे नातलग. ‘आपला’शी त्याचा नाद जुळतो, पण ते नाते खोटे, ‘आपला’ आत्मन्-कडून प्राकृत ‘अप्पा’मार्गे आलेला. आप्त हे आप् धातूचे, मिळवणे-पोहोचणे या अर्थाचे भूतकाळवाचक रूप. जो वस्तूपर्यंत पोहोचला आहे तो आप्त. पोहोचलेला म्हणून भरवशाचा, भरवशाचा म्हणून जवळचा, जवळचा म्हणून नातलग, अशी उतरंड असावी. न्यायसूत्रांत आप्ताच्या उपदेशाला ‘शब्द’ हे प्रमाण म्हटले आहे, आणि भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताच्या अटी घातल्या आहेत. त्याने गोष्ट स्वतः साक्षात पाहिलेली असावी. त्याला भूतदया असावी. जशी पाहिली तशीच सांगण्याची त्याला इच्छा असावी. यापुढचे वात्स्यायनाचे म्हणणे मला त्या काळच्या मानाने विलक्षण धीट वाटते : ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ असो, आप्ताचे लक्षण सर्वांना एकच. कुळ, पंथ, भाषा यांतले काहीही या अटींत नाही.

जैन आचार्य समंतभद्राने तर ‘आप्तमीमांसा’ असा ग्रंथच लिहिला. त्याचे दुसरे नाव ‘देवागम’. देव दर्शनाला येतात, आकाशातून गमन होते, चामरे ढाळली जातात. एवढ्यावरून तुम्हाला थोर म्हणावे तर ही लक्षणे मायावी लोकांतही दिसतात, असे तो खुद्द आपल्या तीर्थंकराला उद्देशून म्हणतो. थोरवी ठरते ती वचन युक्तीला आणि शास्त्राला धरून आहे की नाही यावर. पूज्य माणसाचीही आप्त म्हणून परीक्षा घ्यावी, आणि ती घेणे हीच स्तुती, हा विचार ज्या परंपरेत स्तोत्राच्या रूपाने उमटला तिला प्रश्न विचारण्याचे वावडे होते असे कोण म्हणेल?

आणि कणाद? त्याच्या दर्शनाने शब्दाला वेगळे प्रमाण मानलेच नाही. प्रत्यक्ष आणि अनुमान अशी दोनच. जाणत्याचे बोलणे ऐकून आपल्याला कळते ते अनुमानाने : या वक्त्याचे गुण असे आहेत, म्हणून हे वचन खरे असावे. परमाणूच्या आचार्यानेच ‘तज्ज्ञ सांगतो म्हणून’ हे कारण सुटे, स्वतंत्र ठेवले नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. नैयायिकांचीही बाजू मात्र तितकीच बळकट आहे. शब्दावाचून चालत नाही, आणि विज्ञानात तर मुळीच नाही. हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयीच्या २०१५ मधल्या संयुक्त निबंधावर ५,१५४ लेखकांची नावे आहेत. त्यांतला एकही सगळे स्वतः पाहू शकत नाही. चुंबक सांभाळणारा आलेख काढणाऱ्याच्या शब्दावर चालतो, आणि आलेख काढणारा चुंबकवाल्याच्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोकही त्या प्रयोगात आहेत. आप्त हा शब्द येथे एकवचनात मावेनासा झाला आहे.

मग अशा गर्दीचा शब्द प्रमाण कसा? बौद्ध तार्किकांनी यासाठी ‘अविसंवाद’ हा शब्द घडवला. संवाद म्हणजे मुळात एकासारखे दुसऱ्याने बोलणे, जुळणे. आज संवादाचा अर्थ नुसते बोलणे झाला, पण ‘विसंवाद’ने न जुळण्याचा जुना अर्थ राखून ठेवला आहे. सर्नमध्ये ॲटलास आणि सीएमएस असे दोन वेगळे प्रयोग, वेगळी उपकरणे, वेगळी माणसे. दोघांना १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तोच उंचवटा दिसला. असा उंचवटा कण नसताना निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक, एवढी झाल्यावरच ‘सापडला’ हे क्रियापद वापरले गेले. हा जुन्या अर्थाने संवाद. विसंवादाचे उदाहरणही हाताशी आहे. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा गटाने सांगितले की सर्नहून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतच्या सुमारे ७३० किलोमीटर वाटेवर न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० अब्जांश सेकंद आधी पोहोचतात. आकडा जाहीर करतानाच त्यांनी इतरांना तो तपासण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी दोष उघड झाला : एक प्रकाशतंतूची जोडणी सैल होती. या प्रसंगाचा दाखला देऊन ‘पाहा, तज्ज्ञही चुकतात’ असे म्हटले जाते. मला त्यात वात्स्यायनाची तिसरी अट जशीच्या तशी पाळलेली दिसते. जे दिसले ते सांगितले, आणि चूक सापडली तीही सांगितली.

नैयायिकांनी चर्चेचेही तीन प्रकार केले. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता समोरच्याचे नुसते पाडायचे ती वितंडा. मराठीत वाद भांडणाच्या अर्थाकडे झुकला, जल्प जवळजवळ विसरला गेला, ‘वितंडवाद’ मात्र ठणठणीत आहे. कण, देव आणि जाणते यांवरच्या आपल्या चर्चा कोणत्या प्रकारात मोडतात, याचे उत्तर शब्दांच्या या हयातीतच दिसते. पहिला अर्थ परत मिळवावा, असे मनापासून वाटते. देव मानणाऱ्या उदयनाने आपले हेतू प्रतिपक्षापुढे एकेक करून मांडले. तो वाद होता. देव न मानणाऱ्या हिग्जनी श्रद्धावानांना बोचणारे नाव नाकारले. त्यांनाही वादच हवा असावा.

इंग्रजी ‘एक्स्पर्ट’ आणि ‘एक्स्पेरिमेंट’ लॅटिनमधल्या एकाच क्रियापदाची लेकरे आहेत : करून पाहणे. ज्याने करून पाहिले तो एक्स्पर्ट. आपला ‘तज्ज्ञ’ वेगळी गोष्ट सांगतो. तत् अधिक ज्ञ : ते जाणणारा. संधीत त् चा ज् झाला, आणि घाईत लिहिणारे तोही गाळून ‘तज्ञ’ लिहितात. पण शब्दाचे सगळे तारतम्य त्या गाळलेल्या व्यंजनात आहे. सर्वज्ञ हा शब्द वेगळा आहे, आणि तो देवासाठी राखलेला आहे. तज्ज्ञाला त्याचे ‘तत्’ आहे, आणि त्या ‘तत्’ची हद्द आहे. कणांचा तज्ज्ञ देवाविषयी बोलतो तेव्हा तो तुमच्या-माझ्यासारखा एक विचारी माणूस असतो. अध्यात्मातला अधिकारी पुरुष कणांविषयी बोलतो तेव्हा तोही तसाच. तेव्हा ‘तज्ज्ञ सांगतात’ हे वाक्य कानी पडले की वात्स्यायनाच्या अटींना हा एक प्रश्न जोडावा : यांचे ‘तत्’ कोणते? ते त्यांनी पाहिले आहे का? ऐकणाऱ्याचे हित त्यांच्या मनात आहे का? जसे पाहिले तसेच ते सांगत आहेत का? या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाल्यावर त्यांच्या शब्दावर विसंबण्याला न्यायशास्त्राने ज्ञान म्हटले आहे, आणि मीही त्याला निःशंकपणे ज्ञानच म्हणतो.